इहिरीचं पानी घिऊन सोलापूरला

बालवाडीच्या बाई म्हनाल्या, तू सोलापूरला जाऊन आलीस, जशी बोलतीस तसं लिव्ह, आपल्या बायकांला वाचून दाखवू. म्या म्हनलं, बाई, चवथीत शाळा सुटली माजी, काना कुटं जातोय मातरा कुटं जातीया कळत न्हाय. त्या म्हनाल्या, जाऊ दे की. तर लिव्हते. आन् एक सांगते, मला दमानं सांगता येत न्हाय. तुमाला दम लागला तर तुमीच मदी थांबा.

ओढ्याअल्याडच्या आपल्या लई जनींनी सोलापूर बगितलेलं न्हाय. मीबी बगायला म्हनून गेलेच न्हवते. सुमीचा पाय घिऊन गेले व्हते.

घरातनं निगताना

दुष्काळ सरून दोन सालं झाली व्हती, उन्हाळा व्हता. सुमी माजी पाच वर्साची. तिच्या घोट्यापाशी फोड आला, जळजळला, फुटला, आन् त्यातनं पांढरा दोरा भाईर आला. नारू. आपल्याकडं त्येचं कुनाला नवल न्हाय, उन्हाळा आला की एका घराआड कुनीतरी पाय धरून बसलेलं असतंयच. माजी सासू गंगव्वा, आत्याबाई म्हनते मी तिला, तिनं रीतीपरमानं तुराटीची काडी घितली आन् दोऱ्याचं टोक तिला गुंडाळलं. रोज उलीसं फिरवायचं, वडायचं न्हाय. लई जळजळ झाली की सुमीला काखंला मारायची आन् इहिरीवर न्यायची, नारूच्या पायरीवर.

ही पायरी भाईरच्या मान्सांला ठावं नसंल म्हनून सांगते. आपली इहीर पायऱ्यांची. आत उतरायचं, पान्यात पाय घालून घागर भरायची. खालची पायरी रुंद हाय, तिला नारूची पायरी म्हनत्यात. ज्येला नारू झालाय त्येनं तितं गार पान्यात पाय सोडून बसायचं, लई बरं वाटतंय. बाकीच्यांनी त्येच्या बाजूनं घागर भरून घ्यायची. बसलेल्याला उठवायचं न्हाय, उठवलं तर पाप लागतंय. सुमी तितं बसून पाय हलवायची, मासोळीगत.

मंग एक दिस ती वासराच्या मागं पळाली आन् काडी बोराटीच्या कुपाटीत अडकली. नारू मदीच तुटला. तुटलेला नारू आत वर चढतोय आन् कुजतोय म्हनत्यात, ते खरं झालं. पाय गुडग्यापतोर सुजला, तापला, गुडगा वाकला तो सरळ हुईना, हात लावला की लेकरू किंचाळायचं. आमच्या आळीतला हनमंता तुमाला म्हाईत हाय. त्येचाबी असाच तुटला व्हता, पाय वाकडा झाला तो झालाच, काठी घिऊन उड्या मारत चालतोय. मी सुमीकडं बगायची आन् मला हनमंता दिसायचा. आन् शेजारनी म्हनायच्या, सोलापूरला नेऊ नगं, तितं पाय कापून ठिवत्यात. हिकडं र्‍हायलं तर वाकडा, तिकडं नेलं तर मुळातनंच न्हाय. 

आत्याबाई म्हनायची, "माज्या पायातनं किती नारू निगालं, मोजलं बी न्हाईत. मी चालतीया न्हवं?"

चालती, पन लंगडत. त्ये कोन बोलनार तिला?

पन एका सकाळी सुमीनं तिलाच वळखलं न्हाय. तापात म्हनाली, ही म्हातारी कोन? आत्याबाई उटली, भाईर गेली, आन् माज्या मालकांवर वरडली, "गाडी जुप की रं! बगतुयास काय?"

मी फडक्यात कडक भाकरी आन् शेंगाची चटनी बांदली. आत्याबाईनं तेलाचा रिकामा डबा राखेनं घासला, इहिरीचं पानी भरलं, झाकनाच्या कडंला कनीक लावून बंद केला. परमुलखाचं पानी बाधतंय, दुखन्यातल्या लेकराला तर आपल्याच इहिरीचं पाजायचं. ही रीत हाय. मलाबी त्ये बरोबरच वाटलं. लेकीकडं बाळंतपनाला जाताना बी आपन घागर नेतोच की.

ओढा

ओढ्यात पानी नसतंय उन्हाळ्यात, पन दगडं अशी की गाडीचं चाक एकदा ह्या अंगाला पडतंय, एकदा त्या. हर दनक्याला सुमी वरडायची आन् माज्या काळजाचं पानी व्हायचं. मी तिचा पाय मांडीवर धरून ठिवला व्हता, जसा काय दुसऱ्याचा काचंचा जिन्नस.

पल्याडच्या काठावर बाभळीखाली गाडी टेकली तवा मला याद आली. सरकारी जीप हितंच थांबती. देवीची लस टोचायला मान्सं येत्यात ती हितनंच हाळी देत्यात, पोरं घिऊन या गं. ज्येला हाळी ऐकू गेली ती जाती. मागं एकदा इहिरीत टाकायची पावडर बी आनली व्हती म्हनं. रस्त्यावरच्या गावाच्या इहिरीत टाकली आन् जीप ओढ्यावरनं माघारी गेली. तवा आमी हसलो व्हतो, बरं झालं बाई, पान्यात कसलं औशिद घालत्यात.

येस्टी

येस्टी मंद्रूपास्नं सुटती, तितं बाजार व्हता. लोकं मिरच्या, मडकी, कोंबड्या घिऊन येस्टीत चढत व्हती आन् मी सुमीला घिऊन. मालक बैलं सोडून कुटं येनार? ते खाली हुबं र्‍हायलं, खिडकीतनं सुमीच्या डोक्याला हात लावला. येस्टी हालली तवा मला वाटलं, उडी मारावी आन् माघारी पळावं.

कंडाक्टर लई बोलका व्हता. आत्याबाईच्या मांडीवरचा डबा बगून म्हनाला, "आजी, तूप नेताय व्हय सोलापूरला? वास बी येत न्हाय, असली दिसतंय."

"पानी हाय."

"पानी? सोलापूरला पानी?" त्येनं समद्या गाडीला सांगितलं. "ऐकलं का हो, ह्या आजी सोलापूरकरांची तहान भागवाय निगाल्यात!"

गाडी हसली. आत्याबाईनं डबा छातीशी धरला आन् कानडीत कायतरी पुटपुटली, ते काय मी हितं लिव्हत न्हाय.

कोपऱ्यात एक बाई बसली व्हती, तिनं सुमीचा पाय बगितला आन् इचारलं, "काय झालंय गं?" म्या म्हनलं, नारू. तिनं लुगडं आवरून घितलं. म्हनाली, "आमच्यात दोन सालं झाली, कुनालाच न्हाय." गाव इचारलं तर रस्त्यावरचं, आपल्यापास्नं हाकंच्या अंतरावर. मला तवा त्येचा अर्थ लागला न्हाय. मला वाटलं, त्यांच्या देवाची किरपा.

सोलापूर

सोलापूर कसं हाय म्हनाल तर आदी धुराडी दिसत्यात, गिरन्यांची. मंग भोंगा झाला, मी दचकून सुमीचे कान झाकले. टांगे, सायकली, मान्सं. कुनी मराठी बोलतंय, कुनी तेलगू, टांगेवाला घोड्याशी मुसलमानी बोलत व्हता, "चल बेटा, चल, बच्ची बीमार है." त्येनं आमाला इचारलं न्हाय, सुमीकडं बगितलं आन् सरळ मोट्या सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखाना एवडा मोटा की मला वाटलं हितं सुमी हरवंल. फिनेलचा वास. लांब वरांडा, त्यात गावागावची मान्सं बसलेली, कुनी वैरागकडचं, कुनी अक्कलकोटकडचं, आन् जो तो शेजारच्याला इचारायचा, "तुमी किती लांबनं?" मला तितं एक कळलं. जो लई लांबनं आलाय त्येचंच दुखनं लई वाढलेलं. लांबच्या मानसाला दुखनं जास्ती व्हतं असं न्हाय, त्ये निगायलाच उशीर करतंय, माज्यागत.

डागदर तरना व्हता, चष्मा. त्येनं सुमीचा पाय धरला, आन् गाव सांगायच्या आदीच म्हनाला, "पायऱ्यांची विहीर आहे ना तुमच्याकडे?"

मला वाटलं ह्येला देव परसन्न हाय.

"आतमध्ये पू झालाय. आजच चिरा द्यावा लागेल."

म्या त्येचं पाय धरलं. "डागदरसायेब, पाय र्‍हाईल का?"

"पाय राहील. गुडघा सरळ होईल का, ते आत्ताच सांगत नाही. उशीर झालाय, बाई."

सुमीला आत नेलं. दार लागलं. तितनं तिची हाक आली, "आये!" आन् मंग आलीच न्हाय. ती हाक थांबली त्येचं मला जास्ती भ्या वाटलं. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. आत्याबाई डबा घिऊन शेजारी बसली आन् मला म्हनाली, "रडू नगं, येडे. शुद्धीवर आली की पानी मागंल, आपलं पानी हाय." आन् झाकनाची कनीक परत दाबून बसवली.

वार्ड

सुमीला पट्टी बांदून खाटंवर ठिवलं. शेजारच्या खाटंवर पद्माक्का व्हती, तिची लेक जिन्यावरनं पडून हात मोडलेली. पद्माक्काच्या घरात हातमाग, तेलगू मान्सं. तिचं मराठी आपल्यापरीस येगळं, पन बोलायची दांडगी. तिला नारू म्हंजे काय ठावंच न्हवतं. म्या सांगितलं, पायातनं दोऱ्यागत किडा निगतोय, हातभर. ती खाटंवर पाय वर घिऊन बसली.

"अम्मो! पायातून? साप का?"

"साप न्हाय गं, नारू."

"आमच्या गल्लीत असलं काय नाय बाई. आमचं नळ येते दोन तास, सगळ्या बाया भांडते. मी माझ्या जावेला कळशी फेकून मारली. पन पायातून किडा? नाय, नाय."

मी इचार करीत र्‍हायले. नळावर भांडत्यात, कळश्या फेकत्यात, आन् त्यांच्या पोरींचं पाय सरळ. वार्डाच्या भाईरच नळ व्हता. मी दोनदा नुसताच सोडून बगितला. सुटतोय, थांबतोय. पान्यात उतरावं लागत न्हाय. पन सुमीला त्येचं पानी दिलं न्हाय म्या, बाधलं तर?

सुमी डब्यातलं पीत व्हती. दुसऱ्या दिवशी आत्याबाई खुशीत आली, ताप उतरला व्हता. पद्माक्काला म्हनाली, तुमचं नळाचं पानी लोखंडागत लागतंय, आमचं पिऊन बग, साखर. कानडीत नीरु म्हनत्यात, तेलगूत नीळ्ळू, दोघींची लगीच गट्टी जमली. तिनं फुलपात्र भरलं आन् पद्माक्काच्या लेकीच्या हातात दिलं.

पोरीनं तोंडाला लावायच्या आत सिस्टरबाईंनी हात धरला.

"हे पाणी कुठलं?"

"आमच्या इहिरीचं," आत्याबाई छाती फुगवून म्हनाली.

सिस्टरबाई वरडल्या न्हाईत. त्यांनी फुलपात्र काढून घितलं, पानी काचंच्या गिलासात वतलं आन् खिडकीपाशी उनात धरलं. डागदरला हाक मारली. त्यो आला आन् मला म्हनाला, "इकडे या, बाई. नीट बघा."

आदी काय दिसंना. मंग दिसलं. पांढरं बारीक कन, मोहरीपरीस बी बारीक, पान्यात उड्या मारत व्हतं. एक हिकडं, एक तिकडं. जित्तं.

डागदर म्हनाला, "ज्याला नारू झालाय तो पाण्यात पाय घालतो. नारू तिथे आपली पिल्लं सोडतो, डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक. ती पिल्लं ह्या पाणकिड्यांच्या पोटात जातात. तुम्ही पाणी पिता, किड्यासकट. वर्षभर पोटात काही कळत नाही. मग एक दिवस पायातून बाहेर येतो."

 पद्माक्कानं लेकीला वडून पोटाशी धरलं.

"पाय घालतो म्हंजे," आत्याबाईनं हळूच इचारलं, "पायरीवर बसतोय त्यो?"

"तोच."

ती खाली बसली. आपल्या गावात ज्येला ज्येला नारू झाला त्येला पायरीपतोर हात धरून नेनारी तीच. पुन्याईचं काम म्हनून. हनमंताला तिनंच नेलं व्हतं, सुमीला तिनंच. तिनं डबा पुढ्यात वडला. मंग डागदरला म्हनाली, "म्या जलमभर हेच पेले."

"म्हणूनच, आजी," डागदर म्हनाला, आन् तिच्या लंगड्या पायाकडं बगितलं.

म्या इचारलंच, कारन मंग कोन इचारनार? "सायेब, येस्टीतली बाई म्हनाली, त्यांच्यात दोन सालं न्हाय."

"त्यांच्या विहिरीच्या पायऱ्या बुजवल्या. कठडा बांधला, रहाट बसवला. वरून पाणी ओढतात, आत कुणी उतरत नाही. औषधही टाकलं."

"मंग आमच्यात का न्हाय?"

त्यो चष्मा पुसायला लागला. "तुमच्याकडे जीप जात नाही."

"जीप येत न्हाय," म्या म्हनलं, "पन नारू येतोय की."

त्यो आदी हसला, मंग हसायचा थांबला. म्हनाला, "खरं सांगू? मी इथे एकेक पाय बरा करतो. विहीर इथून बरी होत नाही. ज्या गावाला सगळ्यात जास्त गरज, तिथेच आम्ही सगळ्यात शेवटी पोचतो. मी वर सांगतो. पण तुम्हीही ओरडा, बाई. नुसतं रस्त्याच्या कडेला बघून चालत नाही हे त्यांनाही कळू दे."

मला वरडायचं कुटं असतंय त्येच ठावं न्हाय. म्हनून हितं लिव्हते.

आठवडाभर सिस्टरबाई रोज सुमीचा गुडगा सरळ करायच्या. सुमी त्यांच्या हाताला चावायची. त्या म्हनायच्या, "चाव, पण पाय सैल सोड." मलाबी शिकवलं, तेल लावून हळूहळू दाबायचं, रोज, रडली तरी. गुडगा थोडा सरळ झाला, पन टाच टेकंना. निगताना म्या परत डागदरला इचारलं, सरळ हुईल का? त्यो म्हनाला, "दाबत राहा. आणि तिथलं पाणी देऊ नका."

"मंग कुटलं देऊ?"

 त्यो म्हनाला, "जाड कापडातून गाळून द्या. चार पदरी. रोज."

पद्माक्कानं मागावरचं जाड पांढरं कापड आनून दिलं, तिच्या मालकांनी इनलेलं. म्हनाली, "यातून मुंगी पन जात नाय." आन् माजी नजर चुकवून सुमीच्या पायाला हात लावून नमस्कार केला, का ते मला कळलं न्हाय. भ्याली आसंल.

माघारी

भाईर लिंबाच्या झाडाखाली आत्याबाईनं डबा पालथा केला. आपल्या इहिरीचं पानी सोलापूरच्या मातीत जिरलं. तिनं आयुष्यात पानी सांडलं न्हवतं, दुष्काळात तर थेंबाथेंबाला जपलेली बाई. मंग नळावर डबा खंगाळला, खंगाळला, आन् काटोकाट भरला.

येस्टीत कंडाक्टर त्योच. "आजी, पानी खपलं न्हाय व्हय?"

"ह्ये तुमचं हाय," आत्याबाई म्हनाली. "सोलापूरचं."

गाडी परत हसली. ती हसली न्हाय. डबा मांडीवर, हात वरनं, जशी काय नातच धरलीया.

ओढा उतरताना मला वाटलं, आपन लेकराला बरं करून परत तितंच नेतोय, जितनं दुखनं घितलं. डबा आज हाय, उद्या संपंल. डबाभर सोलापूर किती दिस पुरनार?

संपलंच. मंग म्या पद्माक्काच्या कापडाची चार पदरी घडी घागरीवर बांदली आन् इहिरीचं पानी वतलं. कापड काढून उनात धरलं. वल्या कापडावर त्ये बारीक कन चमकत व्हतं. पानी आदी म्या पेले. मंग सुमीला दिलं. आता हर सांजच्याला तिचं पाय धुताना मी गुडगा तेल लावून दाबते आन् बोटं, घोटा, पोटरी चाचपते. सोलापूरला जायच्या आदी पेलेलं पानी पोटात हाय, त्येचा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात. सरकारची जीप अजून बाभळीखालीच थांबती.

आन् आत्याबाई? ती रोज सकाळी इहिरीच्या वरच्या पायरीवर बादली आन् दोर घिऊन बसती. हनमंताला औंदा दुसऱ्या पायाला नारू झालाय, त्यो काठी टेकत आला.

"सरक म्हातारे, पाय जळतोय."

"हितं बस. मी बादलीनं पायावर वतते. पान्यात उतरायचं न्हाय."

"इहीर तुज्या बाची हाय व्हय? तूच मला हात धरून न्यायचीस की!"

"व्हय, न्यायची," ती म्हनाली आन् त्येच्या पायावर गार पानी वतायला लागली. त्यो शिव्या देत व्हता, आन् डोळं मिटून बसला बी व्हता.

बायका म्हनत्यात, म्हातारी सोलापूरला जाऊन बिगडली. कुनी वळसा घालून उतरत्यात, कुनी तिच्याकडनं घागर भरून घेत्यात. तुमी काय करताय, तुमचं तुमी बगा.

परवा मी धुनं घिऊन तितं गेले. सुमी माज्या मागं भिंत धरून चालत व्हती, टाच उचलून, हनमंतागत. मी धुनं आपटत बसले. वर बगितलं तर ती भिंतीपाशी न्हाय. भिंत सोडून, कायबी न धरता, ती इहिरीकडं चालली व्हती, सवयीनं, नारूच्या पायरीकडं.

"सुमे! थांब!"

ती वरच्या पायरीवर थांबली. आत्याबाईनं दोर टाकला आन् हात आडवा लावला. सुमीनं माज्याकडं वळून बगितलं, एक पाय पायरीवर ठिवून. म्या पळता पळता त्या पायाकडं बगितलं. टाच टेकली व्हती. समदा तळवा दगडावर, गुडगा सरळ.

मी तितंच बसले. 

आत्याबाईनं तिला उचललं न्हाय. म्हनाली, "चालतीस न्हवं? मंग चालत माघारी जा. हितनं खाली आता कुनी जायचं न्हाय."